पिंजऱ्यात नेमकं कोण उभं आहे?

मराठवाड्यात थंडी पडली, तुरीच्या शेंगा भरल्या की आम्हा ख्रिस्ती लोकांच्या कन्व्हेन्शनचा, म्हणजे रात्रीच्या मोठ्या उपदेशसभांचा, सीझन सुरू होतो. ग्राउंडवर मांडव, खाली सतरंज्या, दोन हॅलोजन, कानठळ्या बसवणारा कीबोर्ड आणि तीन रात्री बाहेरगावचा वक्ता. पहिल्या रात्री तो अग्निसरोवर म्हणजे नरक दाखवतो, दुसऱ्या रात्री तिथं कोण कोण जाणार त्याची यादी वाचतो (सिनेमा बघणारे, दारू पिणारे, जत्रेला जाणारे, हळदीकुंकवाला गेलेल्या बाया), तिसऱ्या रात्री सगळ्यांना पुढं बोलावून रडवतो. मग रविवारी आपले नेहमीचे पाळकसाहेब, ते बिचारे मवाळ माणूस, देव प्रीती आहे, तो सगळं माफ करतो, आता अर्पण गोळा होईल, जय ख्रिस्त. आणि या दोघांच्या मधे शिकलेल्या लोकांचा एक तिसरा गट, ते म्हणतात की अहो बॅलन्स पाहिजे, देव न्यायी पण आहे आणि दयाळू पण आहे, एक रविवार हे सांगा एक रविवार ते सांगा.

मला या तिसऱ्या गटाचाच जास्त राग येतो. कारण बाकीचे दोघं निदान काहीतरी बोलायलेत, हे फिफ्टी-फिफ्टीवाले काहीच बोलत नाहीत. न्याय किती टक्के अन् दया किती टक्के हा प्रश्न बायबलमध्ये कुठंच नाही. तिथं प्रश्न आहे की न्यायाचं बोट कुणाकडं आहे आणि दया कुणाच्या दारात गेली. आणि आपल्याकडं झालंय असं की दोघांचे पत्ते बदललेत. न्याय जातो गरिबाच्या घरी, मेलेल्याच्या घरी, मार खाणाऱ्या बाईच्या घरी. अन् दया जाते ट्रस्टीच्या बंगल्यावर, कॉन्ट्रॅक्टरकडं, ज्यानं चर्चला फरशी बसवून दिली त्याच्याकडं. हा घोळ निस्तरल्याशिवाय बॅलन्सच्या गप्पा मारून काही फायदा नाही.

किल्लारीचंच बघा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या दिवशीच गणपती बुडवून लोक थकून झोपलेले. लातूर आणि तेव्हाचं उस्मानाबाद मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली. त्यानंतर काही महिने काय काय ऐकायला मिळालं ते त्या काळात ज्याला कळत होतं त्यानं ऐकलंच असेल, पाप वाढलं म्हणून झालं, देवीचा कोप झाला, आणि आपले लोकसुद्धा मागं नव्हते, शेवटच्या काळाची चिन्हं, जागोजागी भूमिकंप होतील असं लिहिलेलंच आहे, बघा देव न्याय करायलाय. न्याय? कुणाचा? माळवदाच्या घरात झोपलेल्या लेकरांचा?

माळवद ज्यानं बघितलं नाही त्याच्यासाठी सांगतो. दगडाच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, मधे सिमेंट नाही, चिखल. वर लाकडी सरे, त्यावर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. दर पावसाळ्याच्या आधी गळू नये म्हणून अजून थोडी माती टाकायची, ती कधी काढायची नाही, आज्यानं टाकली, बापानं टाकली, असं करत करत डोक्यावर दोन फूट माती जमा होते. उन्हाळ्यात आत गारेगार, लई सुखाचं घर. जमीन हलली की तेच घर झोपलेल्या माणसावर बसतं. भूकंप काही जगातला सर्वात मोठा नव्हता, सहाच्या थोडा वर, तेवढ्यात पक्क्या घरांच्या देशात इतकी माणसं मरत नाहीत. म्हणजे तिथं पापाचा हिशोब झाला नाही, दगड, चिखल, माती आणि गरिबी यांचा झाला.

आणि येशूपुढं हाच प्रश्न आला होता, बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती. येशू म्हणतो, ती अठरा माणसं यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं काय? नाही, मी सांगतो. आपले मवाळ लोक इथंच थांबतात, बघा म्हणे येशू किती दयाळू. पण पुढचं वाक्य वाचा ना. पश्चात्ताप केला नाही तर तुम्हीही सगळे असेच नाश पावाल. म्हणजे न्यायाची गोष्ट त्यानं सोडली नाही, बोट फक्त फिरवलं. मेलेल्यांकडं बघून चर्चा करणाऱ्यांना म्हणाला की त्यांचं सोडा, तुमचं काय ते बोला. मला वाटतं या विषयावरचं सगळं धर्मशास्त्र या पाच ओळीत येऊन गेलंय, बाकी आपण वाढवलेलं.

आता जरा अवघड विषय. आपल्या भागात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर किती लिहिलं गेलं, कलेक्टर ऑफिसात पात्र-अपात्रच्या फायली पडल्यात, पण ख्रिस्ती घरात असं काही झालं की काय होतं यावर कुणी बोलत नाही. काय होतं ते मी सांगतो. अंगणात मयत असतं आणि चर्च कमिटीचे दोन-चार मेंबर बाजूला लिंबाखाली उभं राहून कुजबुजतात की बेल वाजवायची का नाही, मयत चर्चमध्ये न्यायचं का डायरेक्ट कब्रस्तानात, पाळकसाहेबांनी झगा घालायचा का साध्या कपड्यात एक प्रार्थना करून मोकळं व्हायचं. घरचे लोक ते बघत असतात. त्या बाईचा नवरा गेलाय, डोक्यावर सोसायटीचं कर्ज वेगळं अन् खाजगी वेगळं, आणि तिला वरून हे कळतं की देवाच्या घरी पण त्याचं खातं बंद झालंय.

हे आपण कुठून शिकलो तर ते काही येशूनं सांगितलेलं नाही. इंग्लंडच्या १६६२ सालच्या प्रार्थनापुस्तकात प्रेतसंस्काराच्या सुरुवातीलाच सूचना आहे की बाप्तिस्मा न झालेला, बहिष्कृत केलेला किंवा स्वतःचा जीव घेतलेला असेल तर ही उपासना वापरू नये. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायद्यात पण जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चची मूठमाती नाही असं होतं. आपल्याकडं जालन्याला स्कॉटलंडच्या मिशनचं काम, औरंगाबादेत सीएमएसचं म्हणजे इंग्रजी चर्चचं, पुढं १९७० ला नागपूरला सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झालं तेव्हा अशा सगळ्या परंपरा एका छपराखाली आल्या, भजनं आली, पेट्या-तबले आले, कब्रस्तानं आली अन् हे नियम पण आले, कुणी लिहून ठेवलेले नसले तरी डोक्यात बसलेले.

गंमत म्हणजे ज्यांनी नियम केले ते कधीच पुढं गेले. कॅथलिकांनी १९८३ च्या नव्या कायद्यात ती यादीच बदलली, आत्महत्या करणारा त्यात राहिला नाही. आणि १९९२ च्या त्यांच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात सरळ लिहिलंय की जबर मानसिक त्रास, भीती, यातना यानं माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशा लोकांच्या तारणाची आशा सोडू नये. जीव घेणं चूक आहे हे पण त्याच पानावर आहे बरं का, ते खोडलेलं नाही. सरकार पण बदललं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सांगितलं की जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस भयंकर ताणाखाली होता असं धरून चालायचं, त्याच्यावर केस करायची नाही, त्याची काळजी घ्यायची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली त्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं कलम ३०९ जसंच्या तसं ठेवलेलंच नाही. म्हणजे पोलीस ठाण्यात सुटलेला माणूस आमच्या पास्टोरेट कमिटीत, म्हणजे चर्चच्या कारभारी कमिटीत, अजून आरोपी आहे.

एक जण मला म्हणाले, सर तुम्ही असं बोललात तर लोकांची भीती जाईल, उद्या अजून लोक करतील. मी उलटं म्हणतो. ज्या घरात असे विचार चालू आहेत त्या घरातला माणूस पाळकापाशी येऊन बोलेल का नाही हे त्याच्यावर अवलंबून आहे की चर्चमध्ये या विषयावर बोलतात का नुसतं दरडावतात. भीतीनं माणूस थांबत नाही, लपवतो. अन् जो लपवतो त्याला ना डॉक्टर भेटतो ना पाळक. ज्याला असं काही वाटत असेल त्यानं १४४१६ ला फोन करावा, टेलिमानसची सरकारी लाईन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. हा नंबर चर्चच्या नोटीस बोर्डावर लावायला कमिटीचा ठराव लागत नाही.

आणि हा आजार काही फक्त आपला नाही, या मातीत जुना आहे. पैठण आपल्याच जिल्ह्यात. परंपरा अशी सांगते की विठ्ठलपंतांनी संन्यास सोडून परत संसार केला म्हणून धर्मपीठानं देहांत प्रायश्चित्त सांगितलं, नवराबायकोनं देह टाकला, आणि मग ती चार अनाथ लेकरं शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढं उभी राहिली. कायदा पाळला गेला, लेकरं उघड्यावर. त्याच पैठणात पुढं एकनाथ महाराजांची गोष्ट सांगतात, गोदावरीच्या तापलेल्या वाळूत रडणारं महाराचं पोर उचलून कडेवर घेतलं म्हणून. आपण ख्रिस्ती लोक ही गोष्ट कीर्तनात ऐकली की माना डोलावतो अन् रविवारी ब्रह्मवृंदासारखं वागतो, हे कसं काय.

बरं, मी नुसत्या दयेच्या बाजूचा आहे असं कुणाला वाटत असेल तर थांबा, आता दुसरी बाजू.

नवरा मारतो म्हणून बाई माहेरी येते. मग बैठक बसते. पाळक, दोन वडील, मुलाचे काका, आणि बायबल. कुणीतरी वाचतं, सत्तर वेळा सात वेळा क्षमा कर. कुणीतरी म्हणतं, बाई तुझं लग्न देवानं जोडलंय. तिच्या हातावरचा वळ सगळ्यांना दिसत असतो, पण बैठकीत प्रश्न तिलाच विचारतात, तू माफ करायलीस का नाही. नवरा खुर्चीत बसून चहा प्यायलाय. त्याला एकही वचन वाचून दाखवत नाही कुणी. अन्यायावर बोलणारे संदेष्टे, आमोस नाही, मीखा नाही, देवाच्या क्रोधाचा एक शब्द नाही, जो क्रोध कन्व्हेन्शनला सिनेमा बघणाऱ्या पोरांवर बादलीनं ओतला होता तो इथं अचानक आटून गेला.

कायदा पण लई दिवस असाच होता. १८६९ चा भारतीय घटस्फोट कायदा, ख्रिस्ती लोकांचा, त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे, बायकोला मात्र व्यभिचार अधिक क्रूरपणा, नाहीतर व्यभिचार अधिक सोडून जाणं, असं दुहेरी सिद्ध करायला लागायचं. नुसता मार खाल्ला हे कारणच नव्हतं. २००१ ला दुरुस्ती झाली तेव्हा कुठं दोघं सारखे झाले. एकशे बत्तीस वर्षं. २००५ ला घरगुती हिंसाचाराचा कायदा आला, तो सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे, पण आमच्या बैठकीत त्याचं नाव काढलं की म्हणतात सर कोर्टकचेरीनं संसार मोडतो. अहो संसार मोडलेला आहे, तुम्ही फक्त त्याच्यावर वचनाचा पडदा टाकायलात.

क्षमा करणं म्हणजे तक्रार मागं घेणं, हे समीकरण कुणी काढलं कुणास ठाऊक. ग्लॅडिस स्टेन्स यांचं नाव सगळ्या चर्चमध्ये घेतात, घ्यायलाच पाहिजे. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहम आणि दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप अन् सहा वर्षांचा तिमोथी, गाडीत झोपलेले असताना जाळून मारले. त्यांनी मारणाऱ्यांना क्षमा केली असं जाहीर सांगितलं, आणि पुढची काही वर्षं कुष्ठरोग्यांच्या कामात तिथंच राहिल्या. उपदेशात गोष्ट इथं संपते. पण खटला काही संपला नाही. मुख्य आरोपीला २००३ ला फाशीची शिक्षा झाली, २००५ ला हायकोर्टानं ती जन्मठेप केली, २०११ ला सुप्रीम कोर्टानं जन्मठेप कायम ठेवली. एका बाईची क्षमा आणि एका देशाचा न्याय, दोन्ही आपापल्या जागी चालू राहिले, एकामुळं दुसरं अडलं नाही. आणि मुख्य म्हणजे ती क्षमा त्यांची स्वतःची होती, कुणी पंचांनी बैठक बसवून, चहा पीत पीत, त्यांच्याकडून काढून घेतलेली नव्हती. क्षमा वसूल करता येत नाही. वसूल केली तर ती खंडणी.

आता कर्जाकडं येतो कारण मराठवाड्यात राहून दयेवर लिहायचं अन् कर्जावर लिहायचं नाही हे काही जमायचं नाही. येशूची ती गोष्ट, मत्तय अठरा, राजाचा एक चाकर, त्याच्यावर दहा हजार तालांत देणं. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे शेतमजुराचा एक दिवसाचा रोज. गुणाकार करा, सहा कोटी दिवसांची मजुरी. माणसानं तीन-चार हजार जन्म घेऊन राबलं तरी फिटतं का नाही अशी रक्कम. राजानं ती एका दमात सोडली. बाहेर आल्यावर त्या चाकराला दुसरा एक भेटला ज्याच्यावर याचे शंभर दिनार होते, यानं त्याचा गळा धरला, जेलात टाकलं.

उपदेशक म्हणतात की शंभर दिनार म्हणजे किरकोळ. नाही हो. शंभर दिनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. आपल्या महाराष्ट्रात बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमी सुरू झाली, पुढं २००५ ला केंद्राचा कायदा आला, त्यात एका कुटुंबाला वर्षाला हमी दिली ती शंभर दिवसांचीच. म्हणजे एका गरीब घराचा वर्षाचा आधार. येशूनं मुद्दाम अशी रक्कम घेतली जी खरोखर दुखते. म्हणून क्षमा सोपी आहे असं तो कुठंच म्हणत नाही. आणि गोष्टीच्या शेवटी राजा परत चिडतो, दिलेली माफी काढून घेतो. म्हणजे सत्तर वेळा सात हे ज्या अध्यायात आहे त्याच अध्यायात पुढं माफी रद्द झाल्याची गोष्ट आहे, बैठकीत वचन वाचणाऱ्यांनी पुढचं पान पण उलटावं. राजा चिडतो तो कर्ज होतं म्हणून चिडत नाही, वरच्याकडून सूट घेऊन खालच्याचा गळा धरला म्हणून चिडतो. ज्याच्यावर दया झाली त्याला न्याय लागू होतो तो इथं.

बीड, जालना, परभणीकडं ऊसतोडीला जाणारी जोडी बघा, तिला एक कोयता म्हणतात, नवराबायको मिळून एक. दसऱ्या-दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून उचल घ्यायची आणि चार-सहा महिने ती फेडायची. आजारी पडलं, खाडा झाला, बाई बाळंत झाली की फिटत नाही, राहिलेली उचल पुढच्या सीझनवर. त्यात आपले ख्रिस्ती पण आहेत, मातंग समाजातून आलेले कितीतरी. कागदावर काय लिहायचं हा त्यांचा अजून वेगळाच ताप, १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश, अनुसूचित जातीत ख्रिस्ती धरत नाहीत, शीख १९५६ ला आले, बौद्ध १९९० ला, हे अजून बाहेरच. तो विषय काढला तर दुसरा लेख होईल. तर हा माणूस नाताळला उसाच्या फडात असतो, कोपीत, चर्चमध्ये नसतो. इस्टरला आला तर त्याला पहिला प्रश्न काय, नाताळला का नाही आलात, वर्गणी राहिली तुमची. अन् मुकादम जर आपलाच असेल, असतो कधी कधी, तर तो पहिल्या बाकावर.

जुन्या करारात याचा बंदोबस्त आहे आणि तो भावनेवर सोडलेला नाही, कायद्यात घातलाय. दर सातव्या वर्षी कर्जाची सूट. पन्नासाव्या वर्षी गेलेली जमीन मूळ घराला परत. शेत कापताना कडेचं कापायचं नाही, सरवा वेचायचा नाही, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी. गरिबाचं पांघरूण गहाण घेतलं तर दिवस मावळायच्या आत परत द्यायचं, कारण रात्री तो पांघरणार काय. आणि मला सगळ्यात आवडतं ते अनुवाद नावाच्या पुस्तकातलं, जातं किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण तो त्याचा जीवच गहाण घेणं आहे. बघा किती बारीक नजर आहे देवाची, तळीपर्यंत. आता याला तुम्ही न्याय म्हणाल का दया? मला तर यातला सांधा कुठंच सापडत नाही. सावकाराला हे जाचक कायद्यासारखं वाटलं असेल, आणि जिचं जातं वाचलं तिला दया वाटली असेल. एकच कलम.

म्हणूनच जे लोक म्हणतात की जुन्या कराराचा देव रागीट आणि नव्या कराराचा प्रेमळ, त्यांना सांगावं लागतं की बाबा ही आयडिया नवी नाही, दुसऱ्या शतकात मार्शियन नावाच्या माणसानं रोममध्ये हेच मांडलं होतं, जुना करार काढूनच टाका म्हणाला, आणि चर्चनं १४४ च्या सुमाराला त्यालाच बाहेर काढलं. बरं केलं. न्याय करणारा देव काढून टाकला की सोय कुणाची होते ते बघा. ज्याचं पोट भरलेलं आहे त्यालाच बिनन्यायाचा देव परवडतो. वीस वर्षं जमिनीच्या केसमध्ये तारखा घेणाऱ्या माणसाला विचारा की न्यायाधीश येणार हे ऐकून भीती वाटते का. त्याला वाटतं एकदाचा बसू दे बाबा कोर्टात. स्तोत्र ९६ मध्ये असंच आहे, शेत आणि त्यातलं सगळं हर्षो, रानातली झाडं गातील, का, तर परमेश्वर पृथ्वीचा न्याय करायला येतोय. कन्व्हेन्शनमध्ये न्यायाच्या दिवसावर बोलताना एकदा तरी लोक टाळ्या वाजवून हसायला पाहिजेत, त्या स्तोत्रात तरी आनंदच आहे. तिथं फक्त रडतात. याचा अर्थ एकतर सगळे मुकादमच बसलेत मांडवात, नाहीतर वक्ता चुकीच्या माणसाला घाबरवायलाय.

आणि शेवटचा न्याय कसा होईल त्याचा पेपर तर येशूनं आधीच फोडून ठेवलाय, मत्तय पंचवीस. भुकेल्याला दिलंस का, तहानलेल्याला पाजलंस का, उघड्याला, आजाऱ्याला, तुरुंगातल्याला. त्यात सिनेमा नाही, हळदीकुंकू नाही, तुमचं डिनॉमिनेशन कोणतं हे नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी संपलं, टाक्यांभोवती मार्चमध्ये जमावबंदीचं कलम १४४ लावायची वेळ आली, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. त्या उन्हाळ्यात ज्याच्या बोअरला पाणी होतं आणि ज्यानं टँकर विकला, ज्यानं गल्लीला नळ मोकळा सोडला, त्या सगळ्यांचा पेपर तेव्हाच झाला. ते बाकी अग्निसरोवर वगैरे काय असेल ते असो, मला त्याचं तापमान माहीत नाही आणि सांगणाऱ्यालाही माहीत नाही.

मग जुलूम करणाऱ्याला दया नाहीच का, मुकादमाला, मारणाऱ्या नवऱ्याला, हे कुणीतरी विचारणारच, आणि बरोबर विचारणार. आहे ना. येशू जक्कयाच्या घरी गेला. जक्कय म्हणजे यरीहोचा मुख्य जकातदार, रोमन सरकारसाठी वसुली करायची अन् वर स्वतःचं काढायचं, गावानं ओवाळून टाकलेला. त्यानं काही कबूल करायच्या आधी, पश्चात्तापाचा एक शब्द बोलायच्या आधी, येशू म्हणाला आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. दया आधी गेली, हे मला मान्य आहे, आणि इथं कन्व्हेन्शनवाल्या वक्त्यानं पण मान्य करावं की माणूस बदलला तो धमकीनं बदलला नाही. पण मग जक्कय उभा राहिला, चार लोकांदेखत, आणि म्हणाला अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत करतो. मोशेच्या नियमात स्वतःहून कबूल केलं तर मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा एवढंच होतं, यानं चौपट काढले. त्याच्यानंतर येशू म्हणाला की आज या घराला तारण झालं. प्रभू मी चुकलो, आता विसरून जाऊ या, असं म्हणून तो पोळी वाढायला बसला नाही.

हे मी कुणाला उद्देशून लिहायलोय ते आपल्या भागातल्या लोकांना कळलंच असेल. एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, निजामाच्या राज्यात जमीन मिळवली, ज्यांना गावात मातीचा तुकडा नव्हता अशा मांगांना राहायला, कसायला जागा मिळावी म्हणून. तेव्हाच्या मिशनवाल्यांनी अशाच जागा ठिकठिकाणी घेतल्या, शाळेला, दवाखान्याला, होस्टेलला. आज मिशन कंपाउंडच्या जमिनीचे प्लॉट कुठं कुठं कसे गेले, कुणाच्या सहीनं गेले, यावर मराठवाड्यातच काय सगळ्या महाराष्ट्रात कोर्टात केसेस पडून आहेत. मी कुणाचं नाव घेत नाही, कोर्ट काय ते ठरवेल. पण वार्षिक सभेत कुणी हिशोब मागितला की उत्तर ठरलेलं, भाऊ, न्याय करू नका म्हणजे तुमचा न्याय होणार नाही. नुसतं हिशोबाचं पुस्तक दाखवा म्हटलं तर डोंगरावरचं प्रवचन काढतात. अन् त्याच सभेत पुढचा विषय असतो की अमक्याच्या पोरीनं दुसऱ्या जातीत लग्न केलं, तिला प्रभुभोजनाला बसू द्यायचं का नाही, त्यावर मात्र दीड तास.

येत्या वार्षिक सभेत हा क्रम उलटा करून बघा. पोरीचा विषय अजेंड्यावरूनच काढा. जमिनीचा घ्या पहिला, फेरफार मागवा, सातबारा मागवा. ज्यांच्या सह्या आहेत त्यांनी जक्कयासारखं चौपट द्यावं अशी आमची काही जिद्द नाही, पाचवा हिस्सा पण राहू द्या. मूळ जागा संस्थेच्या नावावर परत करा, चार लोकांदेखत करा, आणि मग जेवायला बोलवा. आम्ही सगळे येऊ.